अडीचशे शब्दांत

फॉर्मवर एक चौकट आहे:
गुण कमी असल्यास कारण लिहा. कमाल शब्द अडीचशे.
इथे ग्लेस बेमध्ये रात्रीचे बारा वाजलेत,
व्हँकुव्हरला अजून आठच.
मुदत तिथल्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे माझ्या हाती चार तास.
मशीनवर आईला तेवढेच लागायचे.

पहिला मसुदा नऊशे शब्दांचा झाला होता.
त्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार होते,
पहाटे साडेपाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणं होतं,
खरवडणी मोडल्यावर लायब्ररीच्या कार्डाने.
मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये आई,
तिच्या मांडीवर माझं संख्याशास्त्राचं पुस्तक,
कारण पुढे रोरीची हॉकीची बॅग.
बाबा अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर,
तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे,
आणि इकडचा आठवडा झोपेत.

डॉ. थिबोडोंनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाले, इष्बेल, फार चांगलं लिहिलंयस. काढून टाक.
त्यांना आई नकोय, तारखा हव्यात.
काय झालं, कधी संपलं, आता काय.
आणि शेवट वर जाणारा असू दे.
बोटाने हवेत एक चढती रेघ काढली.

रेघ आहे माझ्याकडे.
दुसरं वर्ष: सी उणे, डी, सी उणे, एफ.
तिसऱ्याचं पहिलं सत्र: त्याहून उणं.
पुढे सगळीकडे ए, ए, बी अधिक, ए.
मधे एक नोव्हेंबर आहे.
नोव्हेंबरनंतर सोमवार मोकळे झाले,
बुधवार मोकळे झाले,
जानेवारीतल्या एका शुक्रवारी साडेआठच्या तासाला
मी पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसले
आणि फळ्यावरचं सगळं मला कळत गेलं
भराभर, लाज वाटावी इतकं.
हे कसं लिहायचं?
त्यानंतर माझी कामगिरी सुधारली.
चार शब्द. एकही खोटा नाही.

गुण हा शब्दच लबाड.
नर्स विचारायची, नव्या गोळीने गुण आला का?
आई म्हणायची, येतोय.
बाबा फोनवर विचारायचे, तुझे गुण आले का?
मी म्हणायचे, येतील.

आणि तो एफ.
तो एफ आईचा नव्हे.
त्या मंगळवारी तिचा रक्तदाब, पोटॅशियम, सगळं ठीक होतं.
मी गस बुद्रोच्या तळघरात पहाटेपर्यंत पत्ते खेळले,
हसले, अकरा डॉलर जिंकले,
आणि परीक्षेच्या वेळी गाढ झोपले होते.
तोही तिच्या नावावर खपवावा?
खपेल. गेलेल्या बाईचं उणंदुणं कोण काढतंय.
तिला विचारलं असतं तर म्हणाली असती,
घाल की माझ्या नावावर,
मला कुठे ॲडमिशन हवीय.

संख्याशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर दोन रकाने आहेत:
मशीनआधीचं वजन, मशीननंतरचं.
एकशे एक्क्याऐंशी नोंदी, एकही चुकलेली नाही.
चौदा महिन्यांत मन लावून केलेला
माझा तेवढाच अभ्यास.
मधला फरक म्हणजे पाणी.
मला तिथे जाऊन शिकायचंय तेही पाणीच,
समुद्राचं, किती येतं, किती जातं.
पण ही वही कुठे जोडायची
त्याला फॉर्ममध्ये जागा नाही.

तीन वाजलेत. चौकटीत त्रेपन्न शब्द आहेत.
तारखा आहेत. आजार आहे, आईचं नाव नाही.
एका विषयातलं अपयश सर्वस्वी माझं,
हे वाक्य दोनदा खोडलं,
तिसऱ्यांदा राहू दिलं.

रोरी पाणी प्यायला उठला,
दारात उभा राहून म्हणाला, अजून?
म्हटलं, झोप जा.
तासभर लागेल अजून.